माथाडी ते ऊसतोड : सातारा-सांगलीतील श्रमिकांचे स्थलांतर आणि त्याविषयीच्या कायद्यांच्या सुधारणेचा प्रश्न

प्रास्ताविक

स्थलांतराचा कायदा म्हटले की सामान्यतः पारपत्र, व्हिसा आणि सीमेवरील तपासणी नाके डोळ्यांसमोर येतात. अमेरिका व युरोपमधील यासंबंधीच्या चर्चा आपल्या वृत्तपत्रांतून वारंवार येत असल्याने हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असा समज होतो. महाराष्ट्राच्या कामगार इतिहासाकडे पाहिले असता हा समज टिकत नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने नागरिकास देशात कोठेही जाण्याचे व राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यामुळे बीडच्या माणसाने सांगलीत यावे की नाही, अथवा पाटणच्या माणसाने मुंबईत जावे की नाही, हा कायद्याचा प्रश्न होऊ शकत नाही. गेलेल्या माणसाला तेथे कोणते संरक्षण मिळावे आणि ते देण्याची जबाबदारी कोणाची, हा मात्र कायद्याचा प्रश्न आहे आणि गेली साठ वर्षे तो महाराष्ट्रात चर्चिला जात आहे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. निवडीचे कारण सरळ आहे. या जिल्ह्यांनी एका काळी मुंबईला हमाल आणि गिरणी कामगार पुरविले; नंतर साखर कारखानदारी उभी राहिल्यावर हेच जिल्हे दुसऱ्या जिल्ह्यांतून मजूर आणू लागले. पाठविणारा आणि आणणारा या दोन्ही भूमिका त्यांनी अनुभवल्या आहेत. पहिल्या भूमिकेत असताना त्यांच्या माणसांनी एक उत्तम कायदा मिळविला. दुसऱ्या भूमिकेत तसा कायदा त्यांच्याकडून घडला नाही. १९६९ च्या कायद्याने मजुराला त्याच्या कामावरून ओळखले, तर १९७९ च्या कायद्याने त्याला राज्याच्या सीमेवरून ओळखले. या दोन ओळखींमधील फरकाचे परिणाम आजपर्यंत पोहोचतात, असे या लेखात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

मुंबईची वाट

आजचे दोन जिल्हे मूळचे एकच. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा प्रदेश दक्षिण साताऱ्यात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशाच्या पश्चिमेस जावळी, पाटण, शिराळा हे सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ तालुके. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा पर्जन्यछायेचा पट्टा. आणि मध्ये कृष्णा-कोयना-वारणेचे सुपीक खोरे. माणसे बाहेर गेली ती प्रामुख्याने दोन्ही कडांवरून. पश्चिमेस पाऊस भरपूर, पण जमिनीचा तुकडा लहान आणि चढउताराचा. पूर्वेस जमीन आहे, पण पावसाचा भरवसा नाही.

पूर्व भागातून गेलेल्यांपैकी एक वर्ग वेगळाच आहे. खानापूर-आटपाडी परिसरातील सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ पेठांत पसरले आणि विटा हे गाव त्यांच्यामुळे ओळखले जाऊ लागले. त्यांचा इतिहास स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे विचार करावयाचा आहे तो अंगमेहनतीवर जगणाऱ्यांचा.

१९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. कापड गिरण्यांत रत्नागिरीकरांनी आधी पाय रोवले, त्यांच्या मागोमाग घाटावरचे सातारकर आले. वाळवा तालुक्यातील वाटेगावहून अण्णाभाऊ साठे यांचे कुटुंब पायी मुंबईला गेले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. मुंबईत राबणारा नवरा आणि गावी राहिलेली बायको यांची ताटातूट हा त्यांच्या सर्वांत गाजलेल्या छक्कडीचा विषय व्हावा, यात नवल नाही. या स्थलांतराचे स्वरूपच तसे होते. पुरुष एकटा जाई, गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीने झोपे, खानावळीत जेवे आणि मनीऑर्डर पाठवी. शेत व घर बायको सांभाळी. शहरातील मजुरीने संपूर्ण कुटुंब पोसण्याची अपेक्षाच धरलेली नव्हती, ही गोष्ट मुंबईच्या भांडवलदारांच्या सोयीची होती, हे येथे नोंदविले पाहिजे.

गिरणीत नोकरी मिळाली तो नशीबवान. त्याला निदान हजेरीपट होता, फॅक्टरी कायदा होता, संघटना होती. ज्यांना गिरणी मिळाली नाही ते गोदीत, लोखंड बाजारात, कापड बाजारात आणि मशीद बंदरच्या किराणा गोदामांत डोक्यावर ओझी वाहू लागले. माथ्यावर वाहतो तो माथाडी. जावळी, पाटण, कराड, शिराळा या तालुक्यांतील माणसांचे प्रमाण या कामात मोठे होते. १९६० च्या सुमारास कोयना धरणाने पाटण व जावळीतील गावे उठविली तेव्हा त्यात आणखी भर पडली.

१९६९ चा कायदा : कामावरून ओळख

माथाडीची अडचण त्या काळच्या कामगार कायद्यांच्या रचनेत होती. हे कायदे एक मालक, एक जागा आणि एक नोकर असे चित्र गृहीत धरून लिहिलेले होते. माथाडी सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते उचली, दुपारी दुसऱ्याचे, संध्याकाळी ट्रकवाल्याचे. काम नगावर, मजुरी टोळीवाल्याच्या वा मुकादमाच्या हाती. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. मुकादम म्हणे, मी तर मध्यस्थ. न्यायालयात जावयाचे तर मालक म्हणून कोणाला उभे करावयाचे, हेच ठरत नसे.

पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील (१९३३-१९८२) यांनी या कामगारांची संघटना उभारली. राज्य शासनाने १९६५ मध्ये एक समिती नेमली. प्रचलित कायद्यांच्या चौकटीत या कामगारांना काही देता येईल काय, हा तिच्यापुढील प्रश्न होता. समितीचा अहवाल १९६७ मध्ये आला आणि त्यानंतर महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ संमत झाला. गोदी कामगारांसाठी केंद्राने १९४८ मध्ये केलेल्या कायद्याचा नमुना त्यापुढे होता. मुंबईपुरते पाहिले तर श्रेय अण्णासाहेबांच्या संघटनेचे. परंतु पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने केलेले काम लक्षात घेतल्याशिवाय हा कायदा राज्यभराचा कसा झाला, हे उमगत नाही.

या कायद्याची युक्ती साधी आणि परिणामकारक होती. मालक कोण, हा सुटत नसलेला प्रश्न त्याने सोडविण्याचा हट्ट धरला नाही. त्याने मालक आणि मजूर यांच्यामध्ये एक मंडळ बसविले. बाजारातील सर्व व्यापारी मंडळाकडे नोंद करतील, सर्व माथाडीही नोंद करतील. मजुरी व्यापाऱ्याने मुकादमाच्या हाती न देता मंडळात भरावयाची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही द्यावयाची. मंडळ मजुरी कामगाराला देईल आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार यांची सोय करील. मंडळावर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान आणि शासनाचे एक तृतीयांशाहून अधिक नाहीत. परिणाम असा झाला की दिवसातून चार मालक बदलणाऱ्या माणसालाही कायम नोकराला मिळणारे लाभ मिळू लागले. नवी मुंबईत बाजारपेठा हलल्यानंतर तेथे उभ्या राहिलेल्या माथाडी वसाहती, पतपेढी आणि रुग्णालय ही या व्यवस्थेची दृश्य फळे होत. सातारा-सांगलीच्या डोंगरी गावांत पुढे उभी राहिलेली सिमेंटची घरे आणि तेथून शिकून बाहेर पडलेली मुले हीसुद्धा तिचीच फळे आहेत, याची नोंद मात्र कोणत्याही शासकीय अहवालात सापडणार नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की या अधिनियमाची उभारणी स्थलांतरित या कल्पनेवर नाही. ज्यांच्यासाठी तो झाला त्यांतील बहुसंख्य मुंबईबाहेरून आलेले होते, हे सर्वांना ठाऊक होते. १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना होऊन मुंबईत स्थानिक कोण आणि उपरा कोण, हा वाद पेटलेला असताना हा कायदा घडला. तरी त्याने माणूस कोठून आला हे विचारले नाही. अनुसूचीत बाजार आणि कामे लिहिली आणि ते काम करणारा तो असंरक्षित कामगार, असे ठरविले. पाटणचा माथाडी आणि उत्तर प्रदेशातून आलेला माथाडी यांना एकच मंडळ आणि एकच लेव्ही लागू झाली.

गाव न सोडण्याची सोय

स्थलांतराच्या कायद्याची आणखी एक बाजू असते, ती म्हणजे माणसाला घर सोडावेच लागू नये अशी तजवीज. या बाबतीतही या जिल्ह्यांचे ऋण महाराष्ट्रावर आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील कार्यकर्ते. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना तासगाव तालुक्यातील विसापूर येथे प्रथम आजमावली गेली, १९७२ च्या दुष्काळात तिची खरी कसोटी लागली आणि महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ च्या रूपाने ती २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याने अमलात आली. केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला या अनुभवाचा आधार होता.

या योजनेसाठी शहरी पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. आपल्या वेतनपत्रकातील त्या छोट्याशा कपातीकडे प्राध्यापक मंडळींचे सहसा लक्ष जात नाही. माण वा जतमधील माणसाला गावातच काम मिळावे म्हणून मुंबई-पुण्याच्या पगारातून काही रक्कम जावी, असा तिच्यामागील विचार होता. तथापि रोजगार हमीची मजुरी आणि तिची अनिश्चितता पाहता आगाऊ रोख रक्कम देणाऱ्या मुकादमाशी ती स्पर्धा करू शकली नाही. अंगावर घेतलेली उचल लग्न, आजारपण वा विहीर यांत खर्च झालेली असते. हमीच्या कामावर ती मिळत नाही.

१९७९ चा कायदा : सीमेवरून ओळख

आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाचा उगम महाराष्ट्रात नाही, ओडिशात आहे. तेथील दादन मजूर, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन ठेकेदारांनी दूरच्या राज्यांत धरण-रस्त्यांच्या कामावर नेलेले मजूर, यांच्या छळाच्या तक्रारी वाढल्याने ओडिशाने १९७५ मध्ये स्वतःचा कायदा केला. परंतु एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्यात चालेना. १९७६ मध्ये कामगार मंत्र्यांच्या परिषदेत हा प्रश्न आला आणि त्यातून १९७९ चा केंद्रीय अधिनियम क्रमांक ३० तयार झाला. (माथाडी अधिनियमही १९६९ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३० आहे. दहा वर्षांच्या अंतराने आलेला हा योगायोग.) २ ऑक्टोबर १९८० पासून तो लागू झाला.

कागदावर हा कायदा कमी नव्हता. पाच वा अधिक आंतरराज्य स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनेची नोंदणी, ठेकेदाराला परवाना, कामगाराला पासबुक, प्रवासभत्ता, निवारा, औषधोपचार आणि मासिक मजुरीच्या निम्मा किंवा पंचाहत्तर रुपये यांपैकी जो अधिक असेल तो विस्थापन भत्ता, इतके सर्व त्यात होते. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीकडे लक्ष वेधले. अंमलबजावणी मात्र सर्वत्र दुबळीच राहिली. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील बारडोली परिसराच्या साखर कारखान्यांकडे खानदेशातून जाणाऱ्या मराठी ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला आहे. स्थानिक मजूर उपलब्ध असतानाही बाहेरचा मजूर पसंत केला जातो, कारण तो अधिक काळ राबतो आणि कमी तक्रार करतो, असे त्यांनी दाखविले. ते मजूर राज्याची सीमा ओलांडत होते, म्हणजे १९७९ च्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकत होते. तरीही त्यांच्या स्थितीत फारसा फरक पडला नाही.

आपल्या जिल्ह्यांच्या बाबतीत अडचण याहून मूलभूत होती. जत तालुक्याला लागून कर्नाटकाचा विजयपूर जिल्हा आहे. इंडी तालुक्यातून निघून पन्नास-साठ किलोमीटरवर जतमध्ये ऊसतोडीला आलेला मजूर आंतरराज्य स्थलांतरित ठरतो. बीड जिल्ह्यातून अडीचशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून, घराला कुलूप लावून, लेकरे बरोबर घेऊन सहा महिन्यांसाठी कृष्णाकाठी आलेले जोडपे मात्र त्या व्याख्येत कोठेच बसत नाही, कारण ते महाराष्ट्रातच आहे. आटपाडीहून वाळव्याला वा माणहून कराडला आलेल्यांचे तर नावच नको. त्यांनी जिल्ह्याचीही सीमा ओलांडलेली नसते. ज्या कायद्याने स्थलांतराला नावानिशी हात घातला त्याने महाराष्ट्रातील एक मोठे हंगामी स्थलांतर आपल्या व्याख्येनेच बाहेर ठेवले.

सार्वजनिक चर्चेतही हाच दोष दिसतो. महाराष्ट्रात स्थलांतर म्हटले की चर्चा परप्रांतीयांकडे वळते. ऊसतोड मजूर परप्रांतीय नाही आणि ज्या गावात राबतो तेथील स्थानिकही नाही. मतदानाचे नाव गावी, शिधापत्रिका गावी, आणि वर्षातील निम्मे आयुष्य दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर.

कृष्णाकाठची टोळी

१९५५ नंतरच्या दोन दशकांत या दोन जिल्ह्यांत सहकारी साखर कारखानदारी रुजली. वसंतदादा पाटील यांनी सांगलीत, राजारामबापू पाटील यांनी साखराळ्यात कारखाने उभे केले. रेठरे बुद्रुक, कराड, भुईंज येथेही कारखाने आले. सभासद शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना ही मोठी सामाजिक क्रांती होती, याविषयी दुमत होऊ नये. पण सहकाराची ही रचना शेतकऱ्यापाशी येऊन थांबली. ऊस तोडणारा या सहकारात सभासद नाही, नोकरही नाही. कारखाना करार करतो तो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, म्हणजे बहुधा ट्रॅक्टर वा ट्रकच्या मालकाशी. वाहनमालक करार करतो मुकादमाशी. मुकादम टोळी आणतो. शेतकरी म्हणतो, टोळी कारखान्याने पाठविली. कारखाना म्हणतो, ती वाहनमालकाची. वाहनमालक म्हणतो, मुकादमाची. मशीद बंदरच्या व्यापाऱ्याचा १९६५ मधील युक्तिवाद येथे जसाच्या तसा ऐकू येतो.

टोळीतील एककाला कोयता म्हणतात आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. येथे माथाडीच्या स्थलांतराहून मोठा फरक आहे. माथाडीची बायको गावी राहिली म्हणून त्याच्या मजुरीत तिचा हिशेब नव्हता. ऊसतोडीत बायको बरोबर येते, पहाटेपासून राबते, तरी मजुरी कोयत्याच्या नावावर, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या नावावर पडते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. त्यासाठी नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. एक दिवसाचा खाडा परवडत नाही, हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. त्या महिला राहतात बीडमध्ये, पण ज्या फडांत त्या राबतात त्यांतील कित्येक फड आपल्या दोन जिल्ह्यांत आहेत. या विषयावरील चर्चा बीडपुरती मर्यादित ठेवण्याकडे आपला कल का असावा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

टोळ्यांचे प्रकार वाहतुकीवरून पडतात. बैलगाडीवाले वेगळे, टायरगाडीवाले वेगळे. जे मजूर ऊस तोडून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवितात त्यांच्या तळाला डोकी सेंटर म्हणतात. हा शब्द आणि माथाडी हा शब्द यांचा अर्थ एकच. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे पोते वाहणाऱ्या हमालासाठी माथाडी मंडळ आहे. तेथून काही किलोमीटरवर रात्री ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात उसाची मोळी वाहणाऱ्यासाठी तसे मंडळ नाही. दोघांच्या माथ्यावरचे ओझे कायद्याला वेगवेगळे दिसते, याला तत्त्वाचा आधार सापडत नाही. इतिहासाचा आधार सापडतो. माथाडी वर्षभर एका बाजारात होता आणि संघटित झाला. ऊसतोड मजूर हंगाम संपताच पांगतो, आणि ज्या गावात तो राबतो तेथील राजकारणात त्याचे मत नसते.

याचा अर्थ तो अगदी असहाय राहिला असा नाही. हंगामाच्या तोंडावर कोयता बंद ठेवून ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी वेळोवेळी दरवाढ मिळविली. साखर संघ आणि संघटना यांच्यात लवाद नेमून ठरावीक वर्षांचा करार करण्याची प्रथा पडली. गोपीनाथ मुंडे यांचे नेतृत्व याच प्रश्नावर वाढले. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरविली. हा करार मात्र दराचा आहे. भविष्य निर्वाह निधी, अपघात, बाळंतपण, निवारा यांचे काय, हे तो सांगत नाही. त्यासाठी शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आणि कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये त्यास द्यावेत, असे ठरविले. वसतिगृहांसारख्या योजना स्वागतार्हच आहेत. पण महामंडळ आणि माथाडी मंडळ यांत मूलतः भेद आहे. महामंडळ निधीतून साहाय्य देते आणि साहाय्य शासनाच्या इच्छेवर अवलंबून असते. माथाडी मंडळातून मजुरीच जाते, म्हणून तेथे लाभ हा कामगाराचा हक्क असतो आणि मालकाची नोंद चुकत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सातारा-सांगलीत या विषयावरची चर्चा ऐकली तर तिचा सूर निराळा असतो. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेले अनेक तरुण मुकादमांना लाखो रुपयांची उचल देऊन बसले आणि टोळी आलीच नाही, अशा फिर्यादी दर हंगामात होतात. त्यामुळे येथील मागणी आहे ती वाहनमालकांना फसवणुकीपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची. शेतकऱ्याची तक्रार खुशालीच्या नावाखाली जादा पैसे घेतले जातात, ही. या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. मजुरीचा सगळा व्यवहार मुकादमाच्या हातून, आगाऊ आणि बिनपावतीचा होतो. मजुराची नोंद असती तर एकाच मजुराच्या नावावर दोघा वाहनमालकांकडून उचल घेणे मुकादमाला जड गेले असते.

सुधारणांची चर्चा

मार्च २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून गावांकडे पायी निघालेल्या मजुरांमुळे १९७९ चा कायदा एकाएकी सर्वांना आठवला. त्याच वर्षी संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संमत केली. १९७९ चा कायदा तिच्यात विलीन झाला आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. संहितेने एक चांगली गोष्ट केली. ठेकेदाराने न आणलेला, स्वतःहून दुसऱ्या राज्यात जाऊन काम मिळविलेला मजूरही आता आंतरराज्य स्थलांतरित ठरतो. मात्र या प्रकरणासाठी आस्थापनेतील किमान संख्या पाचावरून दहावर गेली, मजुरीची १८ हजार रुपयांची मर्यादा आली आणि विस्थापन भत्ता वगळला गेला. सीमेची अट तशीच राहिली. चाळीस वर्षांच्या अनुभवानंतरही राज्यांतर्गत स्थलांतरित हा शब्द केंद्रीय कायद्यात आला नाही, ही प्रस्तुत लेखकाच्या मते या सुधारणेतील सर्वांत मोठी उणीव होय.

इकडे राज्यात माथाडी कायद्याचीच छाटणी करण्याचे प्रयत्न झाले. २०१८ मध्ये मंडळांच्या एकत्रीकरणाचा प्रस्ताव आला व त्यास तीव्र विरोध झाला. २०२३ मध्ये विधेयक क्रमांक ३४ मांडले गेले. त्या वेळी कामगार मंत्री होते मिरजेचे आमदार सुरेश खाडे. यंत्राच्या साहाय्याविना केवळ अंगमेहनतीने केलेल्या कामापुरती असंरक्षित कामगाराची व्याख्या सीमित करणे हा त्याचा गाभा होता. माथाडीच्या नावाखाली उद्योजकांकडून खंडणी उकळली जाते, बोगस संघटना निघतात, ही शासनाची व उद्योजकांची तक्रार होती आणि ती निराधार म्हणता येणार नाही. पण खंडणी हा फौजदारी गुन्हा आहे. त्यासाठी व्याख्या आवळली तर गुन्हेगारापेक्षा हातगाडी वा लिफ्टचा आधार घेणारा हमालच आधी बाहेर जाईल, हा संघटनांचा आक्षेप अधिक सयुक्तिक वाटतो. बाबा आढाव यांनी वयाच्या नव्वदीनंतरही या विधेयकाला विरोध केला.

उसासाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ शक्य नाही, असे सांगितले जाते. त्याची कारणे म्हणून मजूर फिरता आहे, हंगामी आहे आणि मालक अनेक आहेत, ही दिली जातात. १९६५ मध्ये माथाडींविषयीही याच अडचणी होत्या. किंबहुना कारखान्याची स्थिती बाजारापेक्षा सोपी आहे. बाजारात शेकडो व्यापारी होते. येथे दोन्ही जिल्ह्यांतील सगळा गाळपाचा ऊस मोजक्या कारखान्यांच्या वजनकाट्यांवरून जातो आणि प्रत्येक खेपेची पावती संगणकातून निघते. शेतकऱ्याचे नाव, गाव, गट, उसाची जात, वाहनाचा क्रमांक, ठेकेदाराचा संकेतांक, आतबाहेरची वेळ आणि निव्वळ वजन इतका तपशील नोंदविण्याची व्यवस्था तेथे आहे. शेतकऱ्याचे बिल, वाहनमालकाची वाहतूक आणि मुकादमाचे कमिशन याच नोंदीवरून ठरते. ऊस कोणत्या कोयत्यांनी तोडला, त्यातील स्त्री कोण आणि पुरुष कोण, यासाठी त्या पावतीवर रकाना नाही.